गेनूचं मरण

हिर्डोशीचा हैबती सेहेचाळीस साली इटलीच्या लढाईवरून परतला, तो आधी बनाबाईच्या उंबऱ्यावर जाऊन बसला. तिचा लेक गेनू त्याच्याच पलटणीत होता.

"काकी, आपल्याच तोफेचा गोळा आखूड पडला. आमी जेवत हुतो. त्यात गेला."

बनाबाई पुष्कळ रडली, पण तिने ते मानलं.

पुढे भोरहून एका साप्ताहिकाचा बातमीदार आला. हैबतीने त्यालाही तेच सांगितलं. अंक आला तेव्हा मास्तरांनी तो पारावर वाचला. शत्रूच्या ठाण्यावर धावून जाताना छातीवर गोळ्या झेलून गेनू पडला, असं त्याचा सोबती हैबती सांगतो!

"म्या असं बोललोच न्हाई!"

"मंग काय, भाकरी खाताना मेला?" पारावर बसलेला रायबा हसला. "तू जेवायलाच गेलावतास जनू."

दुसऱ्या दिवशी हैबती भोरला चालत गेला. संपादकांनी त्याला चहा पाजला.

"खरं असेल हो तुमचं. पण आपल्याच तोफेने आपली माणसं मारली, हे छापून कुणाचं भलं? त्या माउलीचा तरी विचार करा."

"तिला ठावं हाय, सायेब."

"मग छापायचं कशाला?"

हैबतीने कपबशी खाली ठेवली. घाटाच्या वाटेने तो घरी आला.

दारात बनाबाई उभी होती. "लेकानं नाव काढलं माजं, आन तू मला भलतंच सांगितलंस?"

लढाईत पडलेल्याचा वीर होतो. देवघरात त्याची मूर्ती उमटवलेला चांदीचा टाक बसतो आणि धुळवडीला तो वाजतगाजत नदीवर नेतात. बनाबाईने सोनाराला टाक सांगितलाही होता.

"काकी, अवो तसं न्हवतं..."

"जळतोस तू! तू जिता आलास आन त्यो वीर झाला म्हनून."

धुळवडीला हलगी हैबतीच्या दारात थांबली. वीराचा टाक सोबत्यानेच हाती धरून न्यायचा, असं गावाने ठरवलं होतं. तो आतच बसून राहिला. शेवटी बनाबाईने येऊन पदर पसरला, तेव्हा उठला. नीरेत टाकाला अंघोळ घालून झाल्यावर ती सगळ्यांदेखत म्हणाली, "सांग आता, कसा लढला माजा गेनू?"

हैबतीने छापलेलं जसंच्या तसं सांगितलं. बनाबाईचा चेहरा फुलला. रायबाने त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग दर धुळवडीला ते सांगणं आलंच. गोळा पडला त्या दिवशी जेवताना गेनू घरचं काहीतरी बोलत होता. ते काय होतं, हे हैबतीला पुढे पुढे आठवेनासं झालं.