जेवायला बोलावण्याचं अ‍ॅप

लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, बुद्धिबळ खेळतात, निदान शेजाऱ्यांच्या भांडणात तोंड घालतात. आमच्या लिफ्टमास्तरांनी मोबाइलची अ‍ॅप्स बनवायला घेतली. तीही चारचौघांसारखी नाही. रंगीत चित्रांचं सॉफ्टवेअर त्यांना चालत नसे. लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडायची, तिच्यात एकेक हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबून खुर्चीत रेलायचं. माऊस तर त्यांनी खणात टाकून दिला होता. "नुसतं बोट काय दाखवायचं? माणसानं नीट शब्दांत सांगावं," असं त्यांचं म्हणणं.

इंटरनेटवर त्यांचा दातच होता. एकदा लॅपटॉपने न विचारता स्वतःला अपडेट करून घेतलं आणि त्यात मास्तरांचं केलेलं काम गडप झालं. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. साडूंच्या घरी जाऊन लागतील ती सगळी अवजारं एका डिस्कवर उतरवून आणली आणि घरी येऊन नेटची वायर कात्रीने कापली. कात्री बायकोची होती, कापड कापायची. बाई घरी शिवणकाम करायच्या, त्यामुळे पुढचे कित्येक दिवस वायर राहिली बाजूला आणि बोलणी बसली ती कात्रीची धार गेल्याबद्दल.

तेव्हापासून मास्तर कोपऱ्यातल्या खोलीत आणि बाकीचं जग दाराबाहेर. बाईंनी "अहो, जेवायला चला" म्हटलं की आतून यायचं, "आलोच." मग लॅपटॉपचा पंखा घरघरायचा, लाल अक्षरांत एखादी चूक उगवायची, मास्तर तिच्या मागे लागायचे, आणि सगळं थंडगार झाल्यावर टेबलाशी येऊन विचारायचे, "तू बसलीस पण?"

एक दिवस बाईंनी शिलाई मशीन थांबवलं. "रविवारी ताई आणि भाऊजी जेवायला येताहेत. मी एकदाच बोलावणार. आला नाहीत, तर ताई जाताना मी तिच्याबरोबर तिच्याकडे राहायला जाणार. मग जेवा तुम्ही आणि तुमची ती काळी खिडकी."

बायको चिडते हे मास्तरांना ठाऊक होतं, पण ती जाऊ शकते हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. दुसरा एखादा रविवारी लॅपटॉप बंद ठेवून मोकळा झाला असता. मास्तरांनी अ‍ॅप लिहायला घेतलं. बाईंच्या फोनवर एक मोठं बटण, ते दाबलं की मास्तरांच्या फोनने मोठ्याने उत्तर द्यायचं. उत्तर म्हणून त्यांनी स्वतःच्याच आवाजात "आलोच" भरून टाकलं. म्हणजे तोंड उघडण्याचेही कष्ट वाचले.

सगळं लिहून झाल्यावर त्यांनी अ‍ॅप बांधायचा हुकूम सोडला. काळी खिडकी म्हणाली, दोन फोन एकमेकांना जोडणारा भाग डिस्कवर नाही, नेटवरून आणा. मास्तरांचं पित्त खवळलं. "तुझं नंतर बघतो," म्हणत त्यांनी जोडणीची ती ओळ तात्पुरती बंद केली आणि हुकूम पुन्हा सोडला. पंखा घरघरला. हिरव्या अक्षरांत आलं, बांधणी यशस्वी.

ती हिरवी अक्षरं दिसली की मास्तरांचं भान हरपतं. त्यांनी शीळ घातली, खुर्चीतल्या खुर्चीत गिरकी घेतली आणि बंद केलेली ओळ साफ विसरले. केबलने अ‍ॅप आपल्या फोनमध्ये चढवलं, बटण दाबलं. "आलोच," फोन म्हणाला. चाचणी पास. तेच अ‍ॅप बाईंच्या फोनमध्ये चढवून त्यांनी ताकीद दिली, "आता हाक मारायची नाही. फक्त बटण."

रविवारी मास्तर सकाळपासून तयार. लॅपटॉप बंद, इस्त्रीचा शर्ट, खुर्ची दाराकडे वळवलेली, फोन मांडीवर. दार मुद्दाम लावून घेतलेलं. बाहेर ताटं वाजली, खमंग वास आला, पोटात कावळे ओरडायला लागले. फोन मात्र मूग गिळून गप्प. बोलावल्याशिवाय जायचं नाही, असं मास्तरांनी रागारागाने ठरवलं.

तिकडे स्वयंपाकघरात बाईंनी बटण दाबलं. "आलोच," त्यांच्याच हातातला फोन म्हणाला. सगळे थांबले. कुणी आलं नाही. बाईंनी पुन्हा दाबलं. "आलोच."

"मास्तर आतून बोलताहेत की फोनमधून?" भाऊजींनी विचारलं.

"काय फरक पडतो?" ताई म्हणाली.

बाईंना रडू येत होतं, पण पाहुण्यांसमोर रडायचं कसं? त्यांनी दोघांना वाढलं, स्वतःचं ताट झाकून ठेवलं, आत जाऊन बॅग भरली आणि निघताना सांगून जावं म्हणून कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडलं.

"बोलावलं का नाहीस?" मास्तर कळवळून म्हणाले. "कधीचा बसलोय."

बाईंनी त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, भांग पाडलेल्या केसांकडे पाहिलं. मग फोन त्यांच्यापुढे धरून बटण दाबलं. "आलोच." मांडीवरचा फोन ढिम्म.

मास्तरांचा चेहरा पडला. "ती ओळ... मी तात्पुरती..."

बाईंनी पुन्हा दाबलं. आणि पुन्हा. आलोच, आलोच. मास्तरांना स्वतःचा आवाज ऐकवेना. ही बाई वर्षानुवर्षं भरल्या ताटापाशी उभी राहून हेच ऐकत आली, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू जेवलीस?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

बाईंनी मान हलवली. नाही.

"निघायचं का गं?" बाहेरून ताईने विचारलं.

बाईंनी बॅग खाली ठेवली. "तू हो पुढे, ताई," त्या म्हणाल्या. "आमचं जेवण व्हायचंय अजून."