लोगोच्या कडेला उभी असलेली मावशी

ग्रुप फोटो काढताना काही बायका आपोआप कडेला जाऊन का उभ्या राहतात? मला याचं उत्तर खरंच माहीत नाही. पण शनिवारी जे झालं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये...

आमच्या रोहणा गावच्या महिला गटाची वेबसाइट मी बनवते आहे. हळद, तिखट, गव्हाच्या पिठाचे हाताने वळलेले सरगुंडे आता ऑनलाइन विकायचे आहेत. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, त्यामुळे गावात काहीही कॉम्प्युटरचं निघालं की माझ्याकडेच येतं. मला ते आवडतंही.

लोगो म्हणजे गटाच्या भिंतीवरचं चित्र. गटातल्याच पाच जणी एका ओळीत, मधोमध अध्यक्ष लताकाकू, हातात सूप. लॅपटॉपवर छान दिसत होतं, पण मोबाइलवर थीम, म्हणजे वेबसाइटचा तयार साचा, चित्राचा मधलाच चौकोन ठेवायची आणि कडेच्या दोघी कापल्या जायच्या. चित्र लहान केलं तर मुंग्यांची रांग!

कापल्या गेलेल्यांपैकी एक शोभामावशी. तिखट भाजावं तर तिनेच. तिने मोबाइल पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "यात तं मी नाईच. मंग मी नाई आली तं काय फरक पडते?"

आम्ही हसण्यावारी नेलं... पण ती खरंच यायची थांबली. बाकीच्या चौघींची तोंडं उतरली, आणि मला तर झोप लागेना. वेबसाइट गटासाठी होती, आणि त्या वेबसाइटमुळेच गट फुटत होता.

मग मला हूक सापडला. पानावर लोगो छापायच्या आधी वेबसाइट आपल्या कोडला जणू हाक मारते, 'यात काही बदलायचंय का?' तिथे आपला कोड जोडता येतो. मी पाचही जणींची वेगवेगळी चित्रं कापली आणि कोड लिहिला... मोबाइलवर प्रत्येक वेळी पान उघडलं की पाचपैकी कोणतीही एक दिसेल, मोठी, आणि खाली तिचं नाव. माझ्याकडे तपासून पाहिलं, चेहरे बदलत होते. मी एकटीच टाळ्या वाजवल्या!

शनिवारी समाजमंदिरात उद्घाटन होतं. अध्यक्ष लताकाकू शोभामावशीला घरून अक्षरशः ओढून घेऊन आल्या. ती दाराजवळ बसली.

मी ऐटीत म्हणाले, "आता सगळ्यांनी लिंक उघडा, प्रत्येकीला वेगळी मैत्रीण दिसेल."

उघडली... आणि सगळ्यांच्या मोबाइलवर शोभामावशी! पुन्हा उघडली, पुन्हा शोभामावशी.

मी लॅपटॉप उघडला. कारण लगेच कळलं. सर्व्हर एकदा तयार झालेलं पान जपून ठेवतो आणि सगळ्यांना तेच दाखवतो. सकाळी आईने पान उघडलं तेव्हा योगायोगाने मावशीचा चेहरा आला, तोच राहिला. मी लॉगिन करून तपासत होते, म्हणून मला रोज ताजं पान मिळायचं.

"माह्या मोबाइलात बी तूच हायेस वं!" लताकाकू ओरडल्या. "अध्यक्ष कोण हाय मंग इथं, मी का तू?"

दारातून उत्तर आलं, "तुमी फक्त सही करा. तिखट मी भाजतो."

हॉल हसून हसून लोळला. शोभामावशी उठली, एकेकीच्या मोबाइलमध्ये डोकावत पार पुढे आली आणि पहिल्या रांगेत बसली.

मी माईकवर म्हणाले, "सॉरी, एक मिनिट... दुरुस्त करते."

"काऊन करतं दुरुस्त?" लताकाकू म्हणाल्या. "आज तिचा दिवस राहू दे. आमचा उद्या पाहू."

मी तिथेच थांबले. माझ्या कोडने प्रत्येकीला एक क्षण दिला असता, आणि तोही नशिबावर. लताकाकूंनी अख्खा दिवस दिला... इतकं सोपं मला सुचलं नव्हतं.

सोमवारपासून शोभामावशी पुन्हा भट्टीवर आहे. खोकल्याने सगळ्यांचा जीव जातोय आणि कोणाचीच तक्रार नाही! शिकलेलं आपल्याच माणसांच्या कामी आलं, याचा आनंद मला कुठल्याच निकालाच्या दिवशी झाला नव्हता. लताकाकू, मनापासून आभार.

आणि हो, कोड बदललाय. रँडम काढून टाकलं. आता रोज एकीचा पूर्ण दिवस, आणि दिवस बदलला की जुनं पान आपोआप पुसलं जातं. सुरुवात मी ओळीच्या दोन्ही टोकांकडून केली आहे... अध्यक्ष सगळ्यात शेवटी.