वन्संना घणसोलीला आणलं

वन्संनी माझ्या डोक्यात मुसळ घातलं तेव्हा सुमन माझ्या अंगावर पीत होती. मी तशीच तिच्यावर वाकले म्हणून पोरगी वाचली. दुसरा घाव माझ्या खांद्यावर बसला. तिसऱ्या वेळी शेजारणीने मुसळ धरलं. वन्सं म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. "हिनं माझ्या पोटात साप सोडलाय," असं ओरडत होत्या. त्याआधी महिनाभर त्यांना झोप नव्हती आणि आम्ही अंगारा लावत बसलो होतो.

दोन दिवसांनी आम्ही दोघींनी एकाच एसटीने गाव सोडलं. माझ्या डोक्याला पट्टी, त्यांचे हात माझ्याच जुन्या लुगड्याने बांधलेले. सासूबाई दारातून म्हणाल्या, "हिला परत आणू नका." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तूबी येऊ नगंस. घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेलीस." जणू डोकं मीच फोडून घेतलं होतं. नवऱ्याने बहिणीला वेड्यांच्या दवाखान्यात सोडलं आणि मला मुंबईला आणलं. तो बाजारात माथाडी होता. पुढे बाजार मुंबईतून उठून खाडीच्या अलीकडे आला, तसे आम्हीही घणसोली गावात भाड्याने राहायला आलो.

गावाकडच्यांनो, नंतर किती लग्नं झाली, पण एकाही पत्रिकेत तुम्ही वन्संचं नाव घातलं नाही. तुम्ही त्यांना मेलेल्यांत धरलं. मीही धरलं. खोटं कशाला लिहू?

नवरा गेल्यावर दवाखान्याचा कागद आला. जुना वॉर्ड बंद करणार होते. ज्या बऱ्या आहेत त्यांना घरच्यांनी न्यावं, असं लिहिलं होतं. तुम्ही संबंध नाही म्हणून कळवलंत. मीही तेच लिहून द्यायला दवाखान्यात गेले. चौथी शिकले आहे, तेवढं लिहिता येतं. समोर एक म्हातारी हातात ताटली घेऊन रांगेत उभी होती, केस बारीक कापलेले. तिने माझ्या कपाळावरची खूण बघितली आणि जवळ आली.

"वहिनी, टाकं किती पडलं?"

"सात."

"अजून दुखतंय?"

"थंडीत दुखतं."

"मला कुणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत हे मला दुसऱ्या कुणीही विचारलं नव्हतं. मी सही केली ती त्यांना घरी न्यायची.

सुमन ऐरोलीला फ्लॅटमध्ये राहते. ती फोनवर म्हणाली, "आई, आमच्या सोसायटीत नको हं. तुला टेन्शन घ्यायची हौसच आहे."

"तुझ्याकडं कोण आणतंय?" म्हटलं आणि फोन ठेवला.

वर्षभर नीट गेलं. वन्सं दाराबाहेर जायलाही मला विचारायच्या. जेवल्यावर ताटली धुऊन मला दाखवायच्या. मग नवरात्र आलं. त्या म्हणाल्या, मीही नऊ दिवस धरते. मला बरं वाटलं. दवाखान्याची रोजची गोळी पोटात गेली की उपवास मोडतो, हे मीच ठरवलं. चांगली धडधाकट दिसते आहे, नऊ दिवसांत काय होतंय? आठव्या दिवशी वन्संनी भरलेला हंडा घरमालकीण हिराबाईच्या अंगावर फेकला. पाण्यात साप आहे म्हणाल्या. हिराबाईचं मनगट मोडलं.

हिराबाई इथलीच, खाडीकाठची. प्लास्टर घालून आली ती ओरडतच. "उद्याच खोली खाली कर. येरी बाय नको माझे घरान!" येरी म्हणजे वेडी.

खोली गेली असती तर वन्संना पुन्हा कुठल्या तरी भिंतीआड टाकावं लागलं असतं. तोवर डॉक्टरने मला झाडलं होतं, वन्संच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. मी हिराबाईच्या ओट्यावर जाऊन बसले. म्हटलं, "चूक तिची नाही, माझी हाय. उपवास मोडंल म्हणून गोळ्या मी बंद केल्या. काय बोलायचं ते मला बोल." ती खूप बोलली. सगळं लिहिण्याजोगं नाही. शेवटी म्हणाली, "म्हातारे, देवीला गोल्या चालतान, तुलाच नाय चालत? आता तुझेवर भरवसा नाय. डबा माझेकरं दे. रोज सकाली माझे म्होरं गोली घ्यायची, तरच ऱ्हायाचं."

तेव्हापासून गोळ्यांचा डबा तिच्याकडे आहे. वन्सं ओट्यावर जातात, गोळी घेतात, तोंड उघडून दाखवतात. मग दोघी चहा पितात आणि माझी नालस्ती करतात. सुमन रविवारी येते. आत्याने विळीवर चिरलेल्या कोबीची भाजी खाते आणि उरलेली डब्यात घालून त्याच सोसायटीत नेते.

तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येणार? मी घरीच आहे. हिराबाई वन्संना नावाने हाक मारते, ते हे घर. मी ते केलं, चौथी शिकलेल्या बाईने, आणि मला त्याचा अभिमान आहे. सासूबाई गेल्या, नवरा गेला, तो वॉर्डही बंद झाला. मुसळ मारणाऱ्या वन्सं, मार खाल्लेली मी आणि माझ्या अंगाखालची सुमन, आम्ही तिघी जगलो.