नव्या अल्बममधल्या झांजा

त्याचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा, तोही बायकोच्या हाताने. उशाशी गजर होता, पण त्याने त्याला जाग येत नसे. तिने खांदा हलवला की तो उठे आणि म्हणे, "झोप फार गाढ आहे माझी." गजर वाजला की ती उठत होती आणि मग त्याला हलवत होती, हे त्याला माहीत नव्हतं.

तो डेंटर होता. ठोकरलेल्या गाड्यांचे दरवाजे, मडगार्ड, बॉनेट सरळ करायचा. गॅरेजात सगळे त्याला ठोक्या म्हणत, मालकसुद्धा. हे काम लांबून धसमुसळं दिसतं. तसं ते नाही. पत्र्याच्या आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी हलकी सोडायची आणि दर थोड्या वेळाने थांबून तळहात फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा खड्डा तळहाताला लागतो. घाई करून जोरात ठोकलं की पत्रा ताणतो, आणि ताणलेला पत्रा पहिल्यासारखा बसत नाही. मग लोक त्यावर पुट्टी थापून मोकळे होतात. ठोक्याने तसं कधी केलं नाही.

शेजारी दिवसभर ग्राइंडर किंचाळत असे. मालकाने आणून दिलेले कानात घालायचे बोळे ठोक्याने खिळ्याला अडकवून ठेवले होते. पत्रा काय बोलतो ते ऐकू आलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. बोळ्यांवर धूळ साचली होती.

दिवसभराच्या या ठोकाठोकीनंतर माणसाला शांतता हवी असते. ठोक्याला हेवी मेटल हवं असे. त्याच्या हत्यारांच्या पेटीवर 'रस्ट चॅपल' या बँडचं स्टिकर होतं. एकदा एक गणिताच्या बाई गाडीचं दार दुरुस्त करायला घेऊन आल्या, त्यांनी ते स्टिकर पाहिलं, आणि त्या बँडचा पहिला ड्रमर चांगला की दुसरा, यावर दार सरळ होईपर्यंत उभ्याने वाद घातला. दार झालं, वाद राहिला. गॅरेजातला पेंटरही त्यात ओढला गेला आणि तिघांचं मेतकूट जमलं.

गॅरेजमागच्या खोलीत त्यांनी भंगारातल्या गाड्यांची कार्पेटं भिंतींना ठोकली होती, म्हणजे आवाज घुमत नसे. बसायला गाड्यांच्याच सीटा. स्पीकरची खोकी ठोक्याने स्वतः बनवली होती, एकही सांधा खडखडत नसे. नियम एकच. नवा अल्बम एकट्याने ऐकायचा नाही. रविवारी सकाळी तिघांनी, एका बैठकीत, तोंड बंद ठेवून ऐकायचा. भांडायचं ते नंतर.

भांडणं ठरलेली. पेंटरला सुसाट बँड आवडत, आणि बाईंचे संथ बँड लागले की तो म्हणे, यांचं एक गाणं होईतो माझा रंगाचा दुसरा हात वाळतो. बाई म्हणत, तुझ्या बँडना घरी गॅस चालू राहिल्यासारखी घाई असते. ठोक्याचा जीव मात्र 'रस्ट चॅपल'च्या झांजांवर. ड्रमच्या वर टांगलेल्या पितळी थाळ्यांना तो झांजाच म्हणे. गिटार कितीही गरजू दे, त्या ड्रमरची झांज वरून सुरीसारखी फिरते, हे त्याने ऐकवलं नाही असा रविवार नव्हता.

बऱ्याच वर्षांनी 'रस्ट चॅपल'चा नवा अल्बम येणार अशी बातमी आली. पाठोपाठ दौराही जाहीर झाला, परगावी. अशा एखाद्या दौऱ्याच्या तिकिटासाठी आणि प्रवासासाठी ठोक्या कधीपासून पगारातून बाजूला टाकत होता. अल्बमच्या आधी बँडने त्यातलं एक गाणं बाहेर काढलं. एका गाण्याला नियम लागू नव्हता. ठोक्याने ते फोनवर ऐकलं, मग पुन्हा लावून ऐकलं.

झांजा नव्हत्याच.

आठवडाभर तो पेंटरच्या मागे लागला. ड्रमर म्हातारा झाला, रेकॉर्ड करणाऱ्याने घोंगडी टाकलीय गाण्यावर, विकले गेले साले. पेंटर रंग ढवळत राहिला. शेवटी हसून म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." ठोक्याला वाटलं, ड्रमरला उद्देशून म्हणतोय.

रविवारी त्याने तेच बाईंसमोर काढलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि गाणं मोठ्या स्पीकरवर लावलं. एक बोट वर केलं.

"ही वाजली," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा बोट. "ही."

ठोक्या बोटाकडे बघत राहिला. बोट वर जात होतं, खाली येत होतं, अगदी तालात. ढोल छातीत बसत होता, गिटार दाढेत. बोटापाशी काही नव्हतं.

"कुठे?" तो म्हणाला.

पेंटरने मान खाली घातली. आता तो हसत नव्हता.

ठोक्याने उठून 'रस्ट चॅपल'चा जुना अल्बम लावला, विशीपासून ऐकत आलेला. "ह्या बघा, ह्यात आहेत की. स्वच्छ." बाईंनी आवाज पार बारीक केला, इतका की पेंटरलाही कान द्यावा लागला. ठोक्या मान हलवतच होता, झांजेच्या जागी झांज घेत होता. मग बाईंनी गाणं बंदच केलं. पुढच्या चार ठोक्यांवरही त्याची मान हलली.

"ठोक्या," बाई हळू म्हणाल्या, "जुनं तुला पाठ आहे. नवं पाठ नाहीये."

तो घरी गेला. जेवताना त्याने बायकोला विचारलं, सकाळी गजर वाजतो का. ती म्हणाली, "रोज वाजतो. मला वाटायचं तुम्ही कानाडोळा करताय."

त्या दिवसापासून त्याचा जीव टांगणीला लागला. हातोडी मारून तो पत्र्याला कान लावून बघे. नळ गळतोय का, किल्ल्या वाजतात का, बायको पाठमोरी असताना बोलते का. काय काय गेलंय ते शोधत हिंडायचा, आणि गेलेलं असेल ते सापडणार कसं, याने आणखी घाबरायचा. अल्बमची तारीख जवळ येत होती. सगळी गाणी नवी, एकही पाठ नसलेलं.

बायकोनेच त्याला तपासणीला नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे तपासणारी मुलगी बसली होती. तिचा खांदा जरा हलला की हा बटण दाबायचा. बाईंचं बोट बघत होता, तसंच. थोड्या वेळाने मुलगी आत आली आणि त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवली.

"काका, आता दाबा."

मग बराच वेळ बटण गप्प राहिलं.

बारीक, उंच आवाज गेले होते. परत येणार नव्हते. डॉक्टर समजावू लागले, तेव्हा तो म्हणाला, "कळलं. ताणलेला पत्रा." कानाला मशीन लावून बरंच ऐकू येईल, असं ते म्हणाले. पण पूर्वीसारखं नाही. किंमत ऐकून बायकोने त्याच्याकडे पाहिलं. दौऱ्याचे पैसे तिला ठाऊक होते. तिने त्यांचं नाव काढलं नाही.

मशीन यायला वेळ होता, अल्बम मात्र वेळेवर आला. ठोक्याने दोघांना सांगितलं, तुम्ही ऐका, माझ्यासाठी थांबू नका. बाई म्हणाल्या, नियम म्हणजे नियम. पेंटरही तेच म्हणाला, पण ठोक्या दिसला की शिटी वाजवता वाजवता एकदम थांबायचा, यावरून त्याने चोरून ऐकला असावा. ठोक्याला ते त्याच्या ओठांवरून कळलं.

दौरा परगावी होऊन गेला.

मशीन लावून तो खोलीत आला त्या रविवारी त्याने आधी दोनदा मशीन चाचपलं. न आवडलं तर? काहीच ऐकू आलं नाही तर? सीट करकरली तरी तो दचकला. ही सीट करकरते हे त्याला माहीत नव्हतं. बाईंनी अल्बम लावला आणि हात मांडीखाली दाबून बसल्या, बोट चुकूनही वर जाऊ नये म्हणून.

झांज वाजली. सुरीसारखी नाही, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी. किरटी, कोरडी, परकी. ठोक्याने तोंड वाकडं केलं, पण तिच्या जागी मान हलली. पुढचीही त्याला सापडली. एक सुटली, तिच्यानंतरची सापडली. नियमाप्रमाणे तो शेवटपर्यंत गप्प बसला.

संपल्यावर दोघं त्याच्याकडे बघत राहिले.

"ड्रमर खरंच म्हातारा झालाय," तो म्हणाला. "दुसऱ्या गाण्यात उशिरा मारतो."

"मारत नाही," बाई म्हणाल्या.

"मारतो. मी ऐकलं."

वाद दुपारपर्यंत चालला. इतक्या वर्षांच्या ठोकण्याच्या पगारातून जे बाजूला पडलं होतं, त्यात दोन कानांची दोन मशीनं आली. उरलेल्यात त्याने आवाज अडवणारी जाड कानझाकणी घेतली, एक स्वतःला आणि एक पेंटरला, आणि सोमवारी खिळ्यावरचे धुळीचे बोळे काढून तिथे काम करताना मशीनं काढून ठेवायची डबी टांगली.