बिडावरचं भाषण

चांगली ओतलेली, घासूनपुसून ठेवलेली वस्तू कोणी मुद्दाम घणाने फोडत असेल, तर तुम्ही त्याला वेडा म्हणाल की नाही? उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत आक्का रोज तेच करायच्या. ढिगातला एक नग फोडायला लावायच्या आणि तुटलेला तुकडा उजेडाकडे धरून डोळे बारीक करायच्या.

"बाहेरनं सगळीच शहाणी दिसत्यात," म्हणायच्या. "आत कोण कसं बसलंय ते बघायचं."

आक्का आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. धातुशास्त्र शिकलेल्या, मूळच्या कडोलीच्या. मी गोदामात कामाला होतो आणि उरलेल्या वेळात सीमाभागातल्या मराठीसाठी पत्रकं लिहायचो. पत्रक दाखवलं की त्या ते शेवटपर्यंत वाचायच्या आणि विचारायच्या, "भाषा वाचवायची म्हणतोस. मग ह्या भाषेत बीड म्हंजे काय, सांग बघू."

मग स्वतःच सांगायच्या, गुऱ्हाळापासून.

"उसाचा रस एकच असतोय. कणी धरली तर गूळ, न्हाय धरली तर चिकटा. बिडाचंबी, म्हंजे ह्या ओतीव लोखंडाचंबी, तसंच. ओतायच्या आधी लोखंडाच्या रसात फेरोसिलिकॉनचा चुरा टाकला, की थिजताना कार्बन पाकळ्या-पाकळ्यांनी बसतोय. ते करडं बीड. हत्यार चालतंय त्याच्यावर, हादरे गिळतंय. न्हायतर तोच कार्बन लोखंडाला धरून बसतोय, पांढरे कडक स्फटिक. मग काचंगत फुटतंय. माल तोच रं. बसण्यात फरक."

एका वर्षी कडोलीच्या साहित्य संमेलनात त्यांना तासभर बोलायला बोलावलं. विषय त्यांनीच दिला, बीड. जेवणाच्या सुट्टीत त्या आमच्यापुढे सराव करायच्या. ओतकामाचे मुकादम आप्पा डबा खाता खाता चिडवायचे.

"आक्का, कवितेच्या मागनं लोकांस्नी बीड चावंल व्हय?"

"दात हाईत त्याला चावंल, आप्पा."

संमेलनाच्या आदल्या सकाळी ट्रकच्या ब्रेक ड्रमचा घाणा होता. ओतकामावरची निम्मी माणसं कडोलीची. रसात चुरा पडला आणि वाद पेटला, उद्या मांडवात कोण आणि पंगतीत वाढायला कोण. वाद मिटेस्तोवर रस तसाच उभा. ताटकळत ठेवलेल्या रसात चुऱ्याचा गुण उतरतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी ओतलं.

दुपारी आक्कांनी एक ड्रम फोडायला लावला. पातळ कडेला चांदीसारखी पांढरी रेघ.

"कडाच हाय की," आप्पा म्हणाले. "उद्या तुमचं भाषण हाय. ह्या खेपेला सोडा."

"कणकुंबीच्या पुढं घाटात ड्रम तडकला, तर तिथं जाऊन भाषण करू व्हय?"

"बरं, आमी थांबून परत ओततो. तुमी जावा."

"आणि तुमचा वाद कोण मोडणार?"

आप्पा हसले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. इतके दिवस सराव केलेला तो एक तास आक्कांनी आपल्या हाताने सोडला आणि संमेलनाला फोन करून तसं कळवलं.

दुसऱ्या दिवशी कडोलीत ग्रंथदिंडी निघाली असेल तेव्हा आम्ही भट्टीपाशी होतो. चुरा पडल्यापासून शेवटचा साचा भरेपर्यंत कोणी अवाक्षर काढलं नाही. साचे थंड व्हायला वेळ होता. आप्पांनी एक बादली पालथी घातली, हाताने पुसली आणि म्हणाले, "आक्का, बसा. आता बोला."

त्या बोलल्या. पांढऱ्या कडेचा तुकडा हातोहात फिरला. एकाने मधेच कन्नडमधून शंका विचारली. तिचं उत्तर त्यांनी कन्नडमधूनच दिलं आणि पुन्हा मराठीवर आल्या. त्या तासात मला जेवढी मराठी कळली, तेवढी माझ्या एकाही पत्रकात नव्हती.

पुढच्या वर्षी बोलावणं आलं तेव्हा आक्का अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यातून त्या उठल्या नाहीत. ते भाषण कोणी लिहून घेतलं नाही, ध्वनिमुद्रित केलं नाही.

कवितेवर माझा राग नाही. पण जी भाषा लोखंडाविषयी बोलत नाही, ती नुसत्या घोषणांनी टिकणार नाही. म्हणून मागणं एवढंच. तुमच्या गावात मांडव पडेल तेव्हा कार्यक्रम ठरवणाऱ्यांकडे जा आणि एक तास मागून घ्या, बिडासाठी, काचेसाठी, मिठासाठी. बोलणारी माणसं तुमच्याच गल्लीतून रोज कामावर जातात. ती आहेत तोवर त्यांना विचारा.