नवस फिटला, गोळ्या थांबल्या

क्षयातून मी उठले तेव्हा आमच्या वाईच्या घरात सगळ्यांना एकच काळजी होती, आता हिच्याशी लग्न कोण करणार! दीड वर्ष सुया टोचून घेऊन, गोळ्या गिळून मी ठणठणीत झाले होते, तरी आई माझा पेला वेगळाच घासायची. माझं डोकं फिरायचं. ज्या डॉक्टरांनी मला सांगलीत बरं केलं, तेच एकदा म्हणाले, "घरात चरफडत बसण्यापेक्षा गावोगाव जा. लोक मधेच औषध सोडतात. आमचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील." मी लगेच हो म्हटलं. बरी झालेली बाई समोर उभी राहिल्यावर कोण ऐकणार नाही, असा माझा तोरा होता. एकोणीसशे सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, आणि मी तरुण होते.

पलूसकडच्या एका मळ्यात एक सून आजारी होती. नवरा लष्करात, घरी ती आणि सासू. सासू लाख बाई. इतरांसारखं तिनं सुनेला माहेरी हाकललं नाही. स्वतः बैलगाडीत घालून सुईला न्यायची. गावच्या देवाला नवसही बोलली होती. काही महिन्यांत सुनेचा खोकला थांबला, अंग भरलं, ती पुन्हा उसात खुरपायला जाऊ लागली. पुढच्या खेपेला मी गेले तर घरभर पुरणाचा वास. नवस फेडला होता.

"बसा बाई, जेवूनच जावा," सासू म्हणाली.

मी गोळ्यांचं विचारलं.

"आता कशाला गोळ्या? नवस फिटला न्हवं!"

"मावशी, अजून वर्षभर घ्यायच्यात. आजार आत दडून बसतो."

"आवं, देवाचं देनं देऊन झालं. आता वर गोळ्या खाल्ल्या तर देव म्हनंल, हिचा माज्यावर इस्वास न्हाई. कोपला मंजी?"

मी म्हटलं, माझ्या आईनं माझा नवस शेवटच्या गोळीनंतर फेडला. सासू म्हणाली, "तुमच्या देवाला चालत आसंल. आमचा लय कडक हाय."

सून दारामागून हसत पुढं आली. "ताई, बगा तरी. तुमच्यावानीच झालीया की मी!"

खरंच होतं. माझ्यापेक्षा उजवीच दिसत होती.

मी पुन्हा पुन्हा गेले. समजावलं, चिडले, एकदा तर सासूच्या पाया पडले. मग मी बांधावर दिसले, की ती लांबूनच सांगायची, "आमच्यात आजारी कुनी न्हाई."

पुढच्या उन्हाळ्यात ती सुनेला घेऊन दवाखान्यात आली. थुंकीतून रक्त पडत होतं. डॉक्टरांनी पुन्हा सुया सुरू केल्या, पण अर्धवट सोडलेल्या औषधाला रोग सरावला होता. दुसरं औषध मुंबईत मिळालं तर मिळायचं. आम्ही पुष्कळ खटपट केली, ते आलं नाही.

सासू व्हरांड्यात बसून असायची. ती माझ्याशी भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं माझा हात धरला.

"लेकी, मी त्या देवाला आता कुठल्या तोंडानं बोलू? त्यो म्हनंल, येकदा बरी करून दिली की. तूच तुज्या देवाला बोल."

माझा नवसांवर काडीचा विश्वास नव्हता. देण्यासारखं माझ्याजवळ दुसरं काही उरलंही नव्हतं. मी तिच्यासमोर डोळे मिटले आणि तिच्या सुनेच्या नावानं, वाईच्या घाटावरच्या देवाला, जन्मात पहिल्यांदा नवस बोलले.

तो फेडायची वेळ माझ्यावर आली नाही.