मेटास्टेसिस म्हणजे जागा बदलणं

मेटास्टेसिस हा शब्द मूळचा ग्रीक. मेटा म्हणजे बदल, स्टेसिस म्हणजे उभं राहणं, जागा. एका जागेवरून उठून दुसरीकडे जाणं. हे मी निवृत्तीनंतर शब्दकोशात वाचलं. त्याआधी तो शब्द ऐकला होता जपानीत, माझ्या मुलीसमोर.

टोकियोतल्या फुनाबोरीतले आम्ही आयटीवाले ऑफिसात इंग्रजीवर भागवायचो. जपानी यायचं ते शाळेत जाणाऱ्या मुलांना. वॉर्ड ऑफिस असो की दवाखाना, आईबरोबर मूलच दुभाषी म्हणून जायचं. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती.

पत्नीच्या छातीतली गाठ काढून वर्ष झालं होतं. तपासणीनंतर डॉक्टरांनी तिथल्या जुन्या रिवाजाप्रमाणे आधी घरच्यांना आत बोलावलं. 'तेन्-इ', ते म्हणाले आणि मुलीकडे बघून थांबले. तिने कागदावरची अक्षरं वाचली.

"बाबा, ते हललंय. लिव्हरमध्ये गेलंय."

किती दिवस उरलेत, तेही मी तिलाच विचारायला लावलं.

बाहेर पत्नी म्हणाली, "काय गं दुभाषीबाई, काय म्हणाले?"

"औषध बदलणार आहेत," मीच मध्ये बोललो. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. घरी गेल्यावर तिला बजावलं, आईला काही सांगायचं नाही.

पुढच्याच आठवड्यात पत्नीने विचारलं, "सांगलीला आईकडे जाऊन येऊ का? म्हातारी वाट बघतेय."

"मार्चनंतर जा. सिस्टम एकदा लाइव्ह जाऊ दे."

"तुमची सिस्टम म्हणजे माझी सवत," ती हसली आणि काढलेली बॅग परत माळ्यावर ठेवली.

तिला कळलं असतं, तर ती दुसऱ्या दिवशी विमानात बसली असती. घर, मुलगी आणि प्रोजेक्ट मला एकट्याने झेपलं नसतं. म्हणून सांगितलं नाही. तिला धक्का बसू नये म्हणून, हे कारण मी नंतर रचलं.

मार्च उजाडायच्या आत ती वारली. सांगलीत मी सांगितलं, "मला एकट्याला सोडून यायला ती तयार नव्हती." सगळ्यांनी मान डोलावली.

मुलगी आता क्योतोत असते. माझ्याशी जपानीतच बोलते, तेही कामापुरतं. परवा मात्र फोनवर मराठीत विचारलं, "बाबा, मामाला खरं सांगितलंस?"

त्याच संध्याकाळी मेहुण्याला फोन केला. सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "दाजी, आई जाईपर्यंत म्हणायची, जपानला जाऊन माझी पोरगी बदलली. आता तिला कोण सांगणार?"